भट्टीचा उजेड आणि नवे विज्ञान

लोहाराच्या भट्टीत घातलेले लोखंड प्रथम काळपट तांबडे दिसते. भाता चालू राहिला, की ते लालभडक, मग पिवळे आणि अखेर पांढरे होते. रंगावरून उष्णता ओळखण्याची ही विद्या कारागिरांना फार पूर्वीपासून अवगत आहे. परंतु तप्त पदार्थातून कोणत्या रंगाचे किरण नेमके किती बाहेर पडतात, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पेचात टाकले.

बर्लिनजवळील शार्लोटेनबुर्ग येथे १८८७ साली मापनशास्त्राची एक शासकीय संस्था स्थापन झाली. विजेच्या दिव्यांचा प्रसार होत होता व प्रकाश मोजण्यासाठी विश्वसनीय माप हवे होते. तेथील संशोधकांनी बारीक छिद्र असलेले पोकळ पात्र तापविले आणि छिद्रातून येणारे किरण मोजण्यास आरंभ केला. असे किरण पात्र कशाचे आहे यावर नव्हे, तर केवळ तापमानावर अवलंबून असतात. कोणत्या तापमानाला कोणते किरण किती, हे सांगणारा नियम विल्हेल्म वीन यांनी १८९६ मध्ये मांडला होता. तो या मापनांशी चांगला जुळे. प्राध्यापक माक्स प्लांक यांनी तर त्याला तात्त्विक आधारही दिला होता.

पण प्रयोगकर्ते तेवढ्यावर संतुष्ट झाले नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या, दीर्घ तरंगलांबीच्या किरणांकडे ते वळले. लुमर व प्रिंग्सहाइम यांना तेथे नियम आणि मापन यांत तफावत आढळली. पुढे रूबेन्स व कुर्लबाउम यांनी सुमारे एक विसांश मिलिमीटर तरंगलांबीचे किरण मोजले, तेव्हा ती तफावत निर्विवाद ठरली.

७ ऑक्टोबर १९०० रोजी रूबेन्स यांनी प्लांक यांच्या घरी जाऊन ही हकीकत सांगितली. आपल्या श्रमांवर पाणी पडत आहे हे दिसत असूनही प्लांक यांनी मापनाला दोष दिला नाही. त्याच सायंकाळी त्यांनी नवे सूत्र शोधले. १९ ऑक्टोबरला ते विद्वानांच्या सभेत मांडले गेले. रूबेन्स यांनी त्याच रात्री ते आपल्या आकड्यांशी ताडून पाहिले. ते उत्तम जुळले!

सूत्र लाभले, अर्थ मात्र उमगेना. कित्येक आठवड्यांच्या परिश्रमानंतर, १४ डिसेंबरला, प्लांक यांनी त्याचा उलगडा केला. ऊर्जेची वाटणी पाण्याच्या धारेसारखी अखंड नव्हे, तर धान्याच्या दाण्यांप्रमाणे ठरावीक अंशांत होते असे मानले, तरच ते सूत्र सिद्ध होत होते. हा विचार त्यांना स्वतःलाही सहज रुचला नाही; पण मापनापुढे त्यांनी मान तुकविली. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशही असाच कणरूप असल्याचे प्रतिपादन केले. १९२४ मध्ये ढाक्याच्या विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांक यांच्या सूत्राची नवी सिद्धता दिली. हाच पुंजसिद्धांत होय.

दिव्याच्या उजेडाचे माप शोधता शोधता मानवाची सृष्टीविषयीची कल्पनाच पालटली. जुळणाऱ्या नियमाचीही पुन्हा परीक्षा घेणाऱ्या हातांनी आणि प्रिय मताहून सत्य मोठे मानणाऱ्या मनाने हे कार्य घडविले.