कॅपिटल कॉम्प्लेक्स : वास्तू आणि सत्तेचा समतोल

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. या गरजेतून चंडीगड वसविण्यात आले. नगराच्या उत्तरेस, शिवालिक टेकड्यांच्या दिशेला, ल कॉर्ब्युझिए यांनी कॅपिटल कॉम्प्लेक्सची आखणी केली. विधानसभा व उच्च न्यायालय या वास्तू विस्तीर्ण चौकाच्या दोन बाजूंस समोरासमोर आहेत. विधानसभेमागे २५४ मीटर लांबीचे सचिवालय आहे. या सर्वांच्या शिरोभागी राज्यपालांचा प्रासाद योजिला होता. तो लोकशाहीला शोभणारा नाही, असे नेहरूंचे मत पडले आणि तो बांधला गेला नाही. राज्यसंस्थेची तिन्ही अंगे वेगळी, परंतु परस्परांच्या दृष्टीसमोर असावीत, असा आशय या रचनेत वाचता येतो.

तथापि, केवळ वास्तुरचना हुकूमशाहीला रोखू शकत नाही. पाकिस्तानात १९५८ साली लष्करी कायदा पुकारला गेला व जनरल अयुब खान सत्ताधीश झाले. त्यांनी कराचीऐवजी इस्लामाबाद ही नवी राजधानी वसविण्यास घेतली आणि पूर्व पाकिस्तानच्या समाधानासाठी ढाक्याला दुसऱ्या राजधानीचे संकुल देऊ केले. त्याचे आराखडे लुई कान यांनी केले. सत्तेतील वाटा मात्र ढाक्याला मिळाला नाही. १९७१ मध्ये पाकिस्तान दुभंगले, बांगलादेश जन्मास आला आणि दक्षिण आशियातील सत्तेचे पारडे भारताच्या बाजूने झुकले. ढाक्याच्या त्या संसदभवनाचे उद्घाटन जानेवारी १९८२ मध्ये झाले. मार्चमध्ये जनरल एर्शाद यांनी सत्ता बळकावली.

भारतालाही ही कसोटी चुकली नाही. १९७५ च्या आणीबाणीत जयप्रकाश नारायण चंडीगडच्याच रुग्णालयात स्थानबद्ध होते. विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो, असा निर्णय ज्या उच्च न्यायालयांनी दिला, त्यांत मुंबईप्रमाणे पंजाब व हरियाणाचे उच्च न्यायालयही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते निर्णय फिरविले. १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरविले. १९७६ चा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच रद्द ठरविला.

चंडीगड व ढाका येथील दोन्ही वास्तू श्रेष्ठ प्रतीच्या आहेत. परंतु सत्तेला आवर घालण्याचे कार्य भारतात न्यायाधीशांच्या निर्भयतेने आणि मतदारांच्या निर्णयाने घडले; तेही विलंबाने, आणि दरम्यान हजारो नागरिकांनी तुरुंगवास भोगल्यानंतर.