ट्रेलर वाचावा कसा?



मॅगझिनच्या मराठी विभागात माझा लेख बघून आमच्या बॅचमधल्या काही जणांना धक्का बसला असेल. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती, यासाठी मला अजूनही मनात इंग्लिशमध्ये मोजावं लागतं. पण माझ्याकडे जे काही मराठी आहे ते निम्मं आजीकडून आलंय आणि निम्मं पिक्चरमधून. त्यामुळे पिक्चरवर लिहायचं तर मराठीतच, हे आधीच ठरलेलं होतं.

आता विषय. आपल्या कॅन्टीनमध्ये रोज कुठल्या ना कुठल्या पिक्चरचा निकाल लागतो. गंमत म्हणजे तो पिक्चर अजून आलेलाच नसतो! ट्रेलर आलेला असतो. अडीच मिनिटं मोबाईलवर बघायचं आणि "बकवास आहे रे" किंवा "फर्स्ट डे फर्स्ट शो!" असं जाहीर करायचं. हिंदीतल्या मोठ्या पिक्चरला अशा निकालाने काही फरक पडत नाही. मराठी पिक्चरला मात्र पडतो, आणि बराच पडतो. तो कसा, ते शेवटी सांगते. त्याआधी ट्रेलर ही काय चीज आहे ते समजून घेऊ. सिलॅबसमध्ये नाही, पण उपयोगी आहे!

ट्रेलर म्हणजे नक्की काय?

'ट्रेल' म्हणजे मागून येणं. सुरुवातीच्या काळात ही जाहिरात मुख्य पिक्चर संपल्यावर दाखवायचे, म्हणून तिला ट्रेलर म्हणायला लागले. पण पिक्चर संपला की लोक उठून जाणार (आपणही तेच करतो), म्हणून पुढे ती आधी दाखवायला लागले. नाव तेवढं जुनंच राहिलं.

आता थोडं गणित. पिक्चर दोन तास दहा मिनिटांचा धरा, म्हणजे ७८०० सेकंद. ट्रेलर १५० सेकंदांचा. भागाकार केला तर दोन टक्केसुद्धा होत नाहीत. त्यातही हे दोन टक्के कोणी डोळे मिटून उचललेले नाहीत. ते निवडलेले आहेत, आणि ज्याला तिकीट विकायचंय त्याने निवडलेले आहेत.

सिग्नल्सचा पेपर दिलेल्यांना एलियासिंग आठवत असेल. न आठवणाऱ्यांसाठी सोपं उदाहरण. पिक्चरमध्ये टांग्याचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं. पिक्चरमध्ये सेकंदाला साधारण २४ फ्रेम असतात. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात चाकाचा प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या थोडा अलीकडे पोचला, की आपल्या डोळ्यांना चाक मागे सरकल्यासारखं वाटतं. टांगा पुढे चाललेला असतो आणि चाक मागे! सॅम्पल कमी पडले की सिग्नल नुसता अस्पष्ट होत नाही, तर तो वेगळाच सिग्नल वाटायला लागतो. ट्रेलरचंही हेच होतं. त्यातून पिक्चर अर्धवट कळला असता तरी चाललं असतं. पण बऱ्याचदा दुसराच पिक्चर कळतो.

कोर्टानेसुद्धा सांगितलंय

२०१६ मध्ये शाहरुख खानचा 'फॅन' आला. त्याच्या जाहिरातीत 'जबरा फॅन' हे गाणं सारखं वाजत होतं, पण थिएटरमध्ये पिक्चर बघितला तर त्यात गाणंच नाही! ते फक्त प्रमोशनसाठी केलेलं होतं. घरच्यांना घेऊन गेलेल्या एका शिक्षिका याविरुद्ध ग्राहक मंचात गेल्या. राज्य आयोगाने त्यांना १०,००० रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये ते कायम केलं. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की, ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार नाही आणि ते वचनही नाही. ट्रेलरमध्ये आहे ते पिक्चरमध्ये नसलं, एवढ्यावरून सेवेत कमतरता राहिली असं होत नाही.

मला त्या बाईंबद्दल वाईट वाटतं. पण प्रेक्षक म्हणून आपण यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. ट्रेलरने वचन दिलेलंच नाही, तर तो बघून पिक्चरला नापास तरी कसं करायचं?

ट्रेलरचे तीन प्रकार

हे वर्गीकरण माझं स्वतःचं आहे, कुठल्याही टेक्स्टबुकात शोधू नका.

१) सगळं सांगून टाकणारा. २०२५ च्या १ मे ला 'आता थांबायचं नाय!' आला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी मोठ्या वयात दहावीच्या परीक्षेला बसतात, अशी सत्यघटनेवरून घेतलेली गोष्ट. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव. ट्रेलर जाऊ दे, नुसत्या नावावरूनच शेवटाचा अंदाज येतो. मग बघायचं काय? तर 'कसं' ते बघायचं. दिवसभर गटारात उतरलेला माणूस रात्री पुस्तक उघडतो तेव्हा काय होतं, हे दोन सेकंदांच्या शॉटमध्ये मावत नाही. आपल्यालाही इंजिनिअरिंगचा शेवट माहीत असतो (डिग्री, हळूहळू का होईना), म्हणून चार वर्षांत काही घडत नाही असं थोडंच आहे? "स्टोरी कळली, आता काय बघायचं" हे वाक्य या प्रकाराला लावूच नये.

२) लपवणारा. 'सैराट' आठवा, २९ एप्रिल २०१६. गाणी आधी आली आणि गावोगावच्या वरातीत वाजायला लागली. लोक नाचायच्या तयारीने थिएटरमध्ये गेले. शेवट काय आहे ते मी सांगणार नाही, न बघितलेला एखादा अजून असेलच. पण दोन तास अजय-अतुलचं संगीत ऐकवून नागराज मंजुळे शेवटी आवाजच काढून घेतो, आणि थिएटरमधून बाहेर पडताना कोणी 'झिंगाट' गुणगुणत नाही. तो शेवट ट्रेलरमध्ये आला असता तर गर्दी कमी झाली असती, आणि त्याचा जो दणका बसला तोही बसला नसता. इथे लपवणं म्हणजे फसवणं नव्हे. २०२३ चा परेश मोकाशींचा 'वाळवी' याच जातीचा. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा खून आत्महत्येसारखा दिसावा असा बेत करतात, आणि तो बेत पहिल्या फटक्यातच भलतीकडे जातो. याच्यापुढे एक वाक्य सांगितलं तरी मजा गेली. या पिक्चरला पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

३) ज्याचा ट्रेलर होऊच शकत नाही असा. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', थिएटरमध्ये आला २०१५ ला. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहीरावर खटला. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. विषय स्फोटक, पण कॅमेरा शांतपणे एका जागी उभा. माणसं येतात, तारीख पडते, माणसं जातात. त्यातला कंटाळा हाच मुद्दा आहे, कारण आपली कोर्टं तशीच चालतात. आता कंटाळ्याचा थरारक ट्रेलर कसा काढणार? २०२५ चा रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' तसाच. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या, यांची हळुवार गोष्ट. त्याला सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. अशा पिक्चरचे लांब शॉट तोडून अडीच मिनिटं बनवली, तर उरतात ते फक्त गवत आणि गप्प बसलेली माणसं. "काही घडतच नाही" असा शेरा मारायला आपण मोकळे!

ट्रेलर वाचायची पद्धत

प्रॅक्टिकल करताना जशा स्टेप्स असतात, तशा या चार स्टेप्स. पुढचा ट्रेलर येईल त्याच्यावर करून बघा.

पहिली स्टेप: आवाज बंद करून एकदा बघा. ढोल-ताशा आणि "धडाम्" गेल्यावर चित्रात काय उरतं? चेहरे उरले तर चांगलं. नुसतं स्लो मोशनमध्ये चालणं उरलं तर सावध!

दुसरी: आता डोळे मिटून फक्त ऐका. माणसं जिथली आहेत तिथलं बोलतात का? कॉन्व्हेंटवालीने हे सांगावं म्हणजे अतिच झालं, पण मला हे चटकन कळतं, कारण प्रत्येक बोली माझ्यासाठी नवीनच असते. करमाळ्याकडची आर्ची आणि कोकणातला बाबुली मेस्त्री एकसारखं बोलले असते तर मला दोघंही खोटे वाटले असते.

तिसरी: तुलना करायची घाई करू नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'दशावतार' आला तेव्हा आमच्या होस्टेलवर लगेच "हा तर मराठी कांतारा" सुरू झालं. का, तर रंगवलेला चेहरा, जंगल आणि रात्र! पण 'कांतारा'मधला भूतकोला हा देव अंगात येण्याचा विधी आहे, तर दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य. जत्रेत रात्रभर चालणारं, नट रंगवतात ते नाटक. एकात माणूस देव होतो, दुसऱ्यात नट देवाची भूमिका करतो आणि सकाळी रंग पुसून घरी जातो. 'दशावतार'ची सगळी गोष्ट त्या नटाची आहे, आणि तो केलाय ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी. ट्रेलरमध्ये सारखं दिसणारं आतून किती वेगळं असतं बघा.

चौथी: नावं वाचा. शेवटी एका सेकंदात जी पाटी जाते ती पॉज करून वाचा. दिग्दर्शक कोण, लेखक कोण, याआधी त्यांनी काय केलंय? ट्रेलर कापणारा माणूस बहुतेक वेळा वेगळाच असतो, पण पिक्चर यांचाच असतो. मागचे मार्क बघून पुढचा पेपर सांगता येत नाही हे खरं, तरी दोन टक्क्यांच्या सॅम्पलपेक्षा हा पुरावा बरा.

मग फरक कसा पडतो?

पिक्चर शुक्रवारी लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार किती खुर्च्या भरल्या ते बघून पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. मोठ्या पिक्चरमागे जाहिरातीचा पैसा असतो, त्यामुळे तो रविवारपर्यंत तरी तग धरतो. छोट्या मराठी पिक्चरकडे तो नसतो. त्याचा आधार म्हणजे बघून आलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगणं, आणि त्याला वेळ लागतो. आपण ट्रेलरवर निकाल देऊन "बघू नंतर" म्हणतो, तोपर्यंत शो दुपारी सव्वाबाराचा एकच उरलेला असतो. म्हणजे बरोबर आपल्या लेक्चरच्या वेळेला!

सांगण्याची ताकद किती असते ते २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'ने दाखवलं. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. ट्रेलर बघून आमच्या वर्गातल्या मुलांनी "हे आईसाठी" म्हणून विषय संपवला. आया गेल्या, आणि मग मावश्या, शेजारणी, भिशी मंडळं असे घोळकेच्या घोळके नटूनथटून गेले. तो त्या वर्षातला सर्वांत जास्त कमाई करणारा मराठी पिक्चर ठरला. त्या बायकांनी ट्रेलरवर वाद घातला नाही, एकमेकींना फोन केले.

त्याच्याही आधी २००४ मध्ये 'श्वास' आला. डोळ्यांच्या कॅन्सरमुळे दृष्टी जाणार असलेला नातू आणि त्याला ऑपरेशनआधी जग दाखवू पाहणारे आजोबा. 'श्यामची आई'नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला तेव्हा प्रचाराला पैसे नव्हते, तर लोकांनी वर्गणी काढली. तेव्हा आपल्यातले कोणी जन्मलेलेही नव्हते. आपल्याला तर कोणी वर्गणी मागत नाहीये. महिन्यातून एक तिकीट, तेही पहिल्या तीन दिवसांत, एवढंच. पिक्चर बघून आवडला नाही तर खुशाल शिव्या घाला, तो हक्क तिकिटासोबत मिळतो. पण निकाल ७८०० सेकंदांवर द्या.

माझ्यापुरतं कारण अजून एक आहे. शाळेत मराठीचा तास आठवड्यातून मोजके दिवस, आणि त्यातही अर्धा वेळ कविता पाठ करण्यात जायचा. मालवणी, वऱ्हाडी, सोलापूरकडची भाषा हे सगळं मी अंधारात, खुर्चीत बसून शिकले. हे पिक्चर पहिल्याच आठवड्यात उतरायला लागले तर माझ्यासारख्यांचा क्लासच बंद पडेल.

असो. सबमिशन जवळ आलंय, जर्नल अपूर्ण आहे, तेव्हा आवरतं घेते. जाता जाता व्हायवाचे तीन प्रश्न देऊन ठेवते:

१. तुम्ही शेवटचा नापास केलेला मराठी पिक्चर कोणता, आणि त्याचे किती सेकंद बघितले होते?
२. त्याच्या दिग्दर्शकाचं नाव सांगा.
३. या शुक्रवारी कुठला मराठी पिक्चर लागतोय, आणि आपण किती जण जातोय?

तिसऱ्याचं उत्तर गुरुवारी संध्याकाळी कॅन्टीनमध्ये सांगा. तिकिटं मी काढते, पैसे मात्र आधी!