नंबराचं काय घेऊन बसलीस गं!

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज: ‘ताई, .३०८ घेऊ की .३७५?’ झोपेत मला वाटलं, बसचे नंबर विचारतेयस. मग ट्यूब पेटली. वास्कोहून आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या ‘हिमाद्री’ तळावर जायचं पक्कं झालं तर तुझं!

आधी पाणी पी आणि ते बंदुकांचे व्हिडिओ बघणं थांबव. त्यातले सगळे सहाफुटी बाप्ये असतात, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठी बंदूक हवी असते. तू पाच फूट एक इंच आहेस, त्यात पाठीवर नमुन्यांची पिशवी.

बघ, स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर पांढरं अस्वल कुठंही समोर येऊ शकतं, म्हणून बंदूक लागते. तिथल्या प्रशासनानं किमान म्हणून सांगितलंय ते .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६. दोन्हींची नळी ७.६२ मिलिमीटरचीच, ‘०६’ म्हणजे १९०६ साल, बाकी काही गूढ नाही. .३०-०६चं काडतूस लांब, त्यात दारू थोडी जास्त मावते, म्हणून जड गोळी जरा जोरात जाते. झाकण तेच, डबा उंच, एवढाच फरक. .३७५ मात्र १९१२ साली निघाली आणि नाव कमावलं ते आफ्रिकेतल्या रानरेड्यांवर. ताकद जवळजवळ दीडपट, आणि खांद्याला बसणारा धक्का त्याहून वरताण.

खरं सांगू का, हा शहाणपणा मी करून बसलेय. सरावाच्या मैदानावर एका सहकाऱ्याची .३७५ ‘जरा बघू तरी’ म्हणून उचलली, दस्ता खांद्यात नीट रोवला नाही, आणि आठवडाभर खांदा वांग्याच्या रंगाचा. तेही चाललं असतं गं. पण दुसऱ्या दिवशी साधी .३०-०६ हातात घेतली तरी चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. डोळे मिटून अस्वल काय, भिंतसुद्धा चुकते. ती सवय घालवायला दीड महिना गेला. तेव्हा तू .३०-०६ घे. तळावर .३०८ असेल आणि ती तुझ्या खांद्याला बरी बसत असेल, तर तीही बिनधास्त घे.

डोकं लावायचं तर गोळीवर लाव. १९८३ साली अमेरिकेच्या वनसेवेनं अलास्कातल्या अस्वलांचा विचार करून जवळच्या अंतरावर बंदुका तपासल्या, तेव्हा .३७५सारख्या थोरल्या मॅग्नम काडतुसांच्या रांगेत .३०-०६सुद्धा बसली, अट एवढीच की गोळी २२० ग्रेनची, म्हणजे चौदा ग्रॅमच्या आसपास हवी. मऊ टोकाची, आत जाऊन पसरणारी, पण चुरा न होणारी घे. लष्करी, पूर्ण धातूच्या आवरणाची नको. ती आरपार निघून जाते.

आणि एक गोष्ट सांगते, घाबरू नकोस. २०११ साली स्वालबार्डमध्ये ब्रिटिश मुलांच्या तळावर अस्वल शिरलं. म्होरक्याजवळ बंदूक होती. त्यानं चारदा बार काढायचा प्रयत्न केला, एकदाही उडाला नाही. शेवटी जमिनीवर पडलेलं काडतूस उचलून, परत भरून त्यानं अस्वल मारलं, पण तोवर एक मुलगा गेला होता. तिथं कॅलिबर मोठं असतं तर काय उपयोग? बंदूक ओळखीची हवी. म्हणून तुझ्या हातातल्या बंदुकीची सेफ्टी कुठल्या खाचेत असली की काय होतं, हे तुला अंधारात, हातमोजे घालून सांगता आलं पाहिजे. फोडणीला मोहरीचा डबा न बघता सापडतो ना, तस्सं.

गोळी झाडायची वेळ शक्यतो येऊच द्यायची नाही. २०२५पासून कायदाच आहे: अस्वलापासून ३०० मीटर लांब, आणि मार्च ते जून ५०० मीटर. लांबून दिसलं की माघारी फिरायचं. जवळ येऊ लागलं तर आधी आवाजी फ्लेअर. ती त्याच्या पुढ्यात पडली पाहिजे, मागे पडली तर ते दचकून तुझ्याकडेच पळत येईल. आणि पळालं तर सेकंदाला दहा मीटर सहज कापतं. अगदीच निभावलं नाही तर छातीवर नेम धर, डोक्यावर नको. उतरती कवटी आणि हलणारं डोकं, नेम चुकतोच. १९७३पासून त्यांची शिकार बंद आहे, त्यामुळे मारलंस तर चौकशी होणार. झाली तर होऊ दे, तू जिवंत राहा.

हो, बंदूक उबदार खोलीत आणायची नाही. मी ‘बिचारी गारठली असेल’ म्हणून आत घेतली होती! फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या डब्यासारखी तिला पाणी सुटलं आणि सकाळी बाहेर नेताच बोल्ट गोठून बसला. तेलसुद्धा पुसून काढ, थंडीत ते चिकट होतं.

रविवारी जेवायला ये. माझे पातळ लोकरी हातमोजे देते. त्यांत बोट चापाच्या कडीत नीट जातं. उजव्या हाताचं तर्जनीचं टोक थोडं उसवलंय, तेवढं शिवून घे.