पर्वकाळचे समुद्रस्नान : भाविकांसाठी उपयुक्त माहिती

मुंबई उपनगरात देवदर्शनास येणारे अनेक भाविक परतण्यापूर्वी समुद्रकिनारी जातात. अंधेरीहून जुहू व वर्सोवा, मालाडहून आक्सा आणि बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराई हे किनारे सोयीचे आहेत. मुलुंड-घाटकोपरच्या बाजूस ठाण्याची खाडी असून तेथील चिखल व कांदळवन स्नानास योग्य नाही. देशावरील भाविकांना नदीत पोहण्याचा सराव असतो. परंतु नदी एकाच दिशेने वाहते, तर समुद्राचे पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, हे ध्यानी घ्यावे.

पंचांग आणि भरती

मुंबईस दिवसातून साधारण दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अशी, की तिथीस पाऊणने गुणावे. चतुर्थीस चार पाऊणे तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीस सहा वाजता. हा अंदाज स्थूल आहे. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकात पाहावी.

अमावास्या व पौर्णिमेस, तसेच नंतरचे एक-दोन दिवस, भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाण म्हणतात. आपले स्नानाचे पर्वदिवस बहुधा हेच असतात. त्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास ओहोटी असल्याने पाणी दूर गेलेले दिसते आणि भाविक वाळूवरून आतपर्यंत चालत जातात. नऊच्या सुमारास पाणी सर्वाधिक वेगाने चढते व मध्यान्हीस भरती पूर्ण होते. दुपारनंतर तेच पाणी वेगाने बाहेर ओढले जाते.

आत ओढणारा प्रवाह

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून समुद्रात परतते. तेथे लाटा फुटत नाहीत, म्हणून ती जागा शांत व सुरक्षित भासते. प्रत्यक्षात तीच घातक असते. आक्सा किनारा अशा प्रवाहांमुळे व पायाखालून सरकणाऱ्या वाळूमुळे अनेकांच्या मृत्यूस कारण ठरला आहे. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे आणि मग किनारा गाठावा. पोहता येत नसल्यास उताणे तरंगत राहून हात वर करून मदत मागावी.

भाविकांनी पाळावयाचे नियम

१. जुहू, वर्सोवा, आक्सा व गोराई येथे जीवरक्षक नेमलेले असतात. त्यांच्या दृष्टिक्षेपात, गुडघाभर पाण्यातच स्नान करावे. अंधारात पाण्यात उतरू नये.

२. पावसाळ्यात समुद्रात जाऊ नये. १२ जून २०२३ रोजी बिपरजॉय चक्रीवादळाने समुद्र खवळला असता जुहू येथे चार मुले बुडून मरण पावली.

३. जलक्रीडेची नौका परवानाधारक असावी. जीवरक्षक जाकिटाचे सर्व पट्टे आवळल्याशिवाय नौकेत बसू नये.

४. बुडणाऱ्यामागे उडी न घेता दोर, धोतर वा रिकामा डबा फेकावा आणि जीवरक्षकास बोलवावे. १०१ अथवा १०८ वर कळवावे.

५. बाहेर काढलेल्या व्यक्तीस गरगर फिरवू नये, पोटही दाबू नये. श्वास बंद असल्यास जाणकाराने तत्काळ तोंडाने श्वास देऊन छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा.

कोळी बांधवही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करतात. ज्यांचा जन्म समुद्रावर जातो, तेही त्याची वेळ पाळतात. भाविकांनी केवळ पाण्याचा स्पर्श मस्तकी लावला, तरी समुद्राचा मान राखला जातो.