तळं एकच, अलंकार आठ

2023 च्या तलाठी भरतीचा निकाल मी कंधारच्या बसस्थानकावर उभ्या उभ्या मोबाईलवर पाहिला. थोडक्यात हुकलं होतं. घरी येऊन उत्तरतालिका लावली तेव्हा घाव कुठे बसला ते कळलं. गणित, बुद्धिमत्ता ठीक होतं. घात केला तो मराठीनं.

ज्या विषयाला मी सगळ्यात कमी वेळ दिला तो हाच. आपली भाषा, त्यात काय वाचायचं, असं वाटायचं. त्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण आणि 2 तास. त्यातले 25 प्रश्न, म्हणजे 50 गुण, मराठीचे. माझे सात चुकले, 14 गुण गेले. ते सात प्रश्न मी वहीत उतरवून काढले आणि आमच्या निवृत्त सरांकडे गेलो.

पहिलाच प्रश्न अलंकाराचा. ‘आईसारखी आईच.’ मी ‘उपमा’वर टिक केली होती, कारण गाईडात पाठ केलं होतं : सारखा, जसा, प्रमाणे, परी दिसलं की उपमा, जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. सरांनी एवढंच विचारलं, “आईला कुणाची उपमा दिलीय?” मी गप्प. आईला आईचीच. दुसरी तोडीची वस्तूच नाही, म्हणून हा अनन्वय. शब्द दिसला आणि मी वाक्य वाचायचंच सोडून दिलं होतं.

सरांनी मला गाईड मिटायला लावलं. किल्ल्याजवळचा राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव रोज बघतोस ना, म्हणाले. मग तलाव आणि आरसा एवढ्या दोनच गोष्टी घे आणि वाक्यं कर. त्या संध्याकाळी केलेली वाक्यं अजून वहीत आहेत. तलाव आरशासारखा चमकतो, ही उपमा. तलाव म्हणजे जणू आरसाच, ही उत्प्रेक्षा. तलावाच्या आरशात किल्ला तोंड पाहतो, हे रूपक. इथे दोघं एक झाले, जोडणारा शब्द गळाला. हा तलाव नव्हेच, आरसा आहे, ही अपन्हुती. आरशानंही लाजावं असा तलाव, हा व्यतिरेक. तलावासारखा तलावच, हा अनन्वय. हा तलाव म्हणावा की आरसा, हा ससंदेह. आणि तलावाला आरसा समजून एक पोरगं भांग पाडायला वाकलं, हा भ्रान्तिमान. शेवटच्या दोघांत मी नेहमी गोंधळायचो. ससंदेहात मन हेलकावे खातं. भ्रान्तिमानात चूक पक्की झालेली असते आणि माणूस तसा वागूनही मोकळा होतो. भांग पाडणारं पोरगं डोळ्यांपुढे आलं की आता गोंधळ होत नाही.

तुम्हीही हेच करा. वस्तू तुमच्या गावातली घ्या, वाक्यं स्वतः जुळवा. वाळंबेंचं व्याकरण जरूर वाचा, पण व्याख्येखालची उदाहरणं झाकून आधी आपलं लिहा, मग ताडून पाहा. यमक तर आपल्याच मातीत रुजलेलं. नांदेडच्या शेष घराण्यातले मानले जाणारे वामन पंडित यमकांच्या हौसेपायी ‘यमक्या वामन’ म्हणून ओळखले गेले.

वृत्तांचं फार भय घेऊ नका. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पक्कं करा, लघु-गुरू लावा, अक्षरं मोजा. चार ‘य’ गण आणि बारा अक्षरं म्हणजे भुजंगप्रयात. चौदा अक्षरं आली की वसंततिलका आधी तपासा. हा भाग सरावाचाच आहे.

खरं नुकसान उताऱ्यात झालं. उतारा विहिरी आटण्यावर होता. प्रश्न आला, लेखकाच्या मते कारण कोणतं? मी क्षणात ‘पाऊस कमी झाला’वर बोट ठेवलं. आमच्या शिवारातल्या विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवतात, ते मी लहानपणापासून पाहत आलोय. पण लेखक म्हणत होता, पाऊस पडतो, तो अडवला जात नाही. मी लेखकाचं ऐकलंच नाही. पुढचा प्रश्न ‘अयोग्य विधान ओळखा’ असा होता; ‘अयोग्य’ हा शब्द घाईत निसटला आणि पहिलंच बरोबर विधान निवडून मोकळा झालो.

आता मी आधी प्रश्न वाचतो, ‘अयोग्य’, ‘वगळता’, ‘लेखकाच्या मते’ हे शब्द मनात घोळवतो, मग उतारा एकदा सलग वाचतो. उत्तर निवडलं की त्याला आधार देणारी ओळ शोधतो. ओळ सापडली नाही तर तो पर्याय कितीही पटला तरी सोडतो. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सर्वच’ असे शब्द असलेल्या पर्यायापाशी जरा थबकतो. उताऱ्यात बहुधा ‘काही वेळा’ लिहिलेलं असतं. शीर्षक विचारलं तर एकाच परिच्छेदापुरतं शीर्षक घेत नाही.

माझा भाचा यंदा नवोदयच्या परीक्षेची तयारी करतोय. सहावीच्या प्रवेशाला भाषेचे चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न. त्याच्या डोळ्यांपुढे शंकरनगरचं विद्यालय आहे. परवा त्याला सोयाबीनवरचा उतारा सोडवायला दिला आणि शेजारी बसून मीही सोडवला. एका प्रश्नाला आमची उत्तरं वेगळी आली. मी त्याला समजावू लागलो, सोयाबीन काढणीला आलं की पाऊस कसा गाठतो ते सांगू लागलो. त्यानं उताऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“मामा, तुमचं खरंय. पण ह्यात तसं लिहिलेलं नाही.”