घरातील औषधफवारणी आणि गर्भातील बाळाचे वजन

प्रसूतिगृहाच्या दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या आप्तेष्टांना बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे कळले, की त्यांचा पुढचा प्रश्न बहुधा बाळाच्या वजनाचा असतो. वजन अडीच किलोच्या खाली असेल, तर सर्वांच्या नजरा नकळत बाळंतिणीकडे वळतात. तिने नीट खाल्ले नाही, दूध घेतले नाही, सांगितलेले ऐकले नाही, असे बोल तिला ऐकावे लागतात. आहाराचे महत्त्व आम्ही मुळीच कमी लेखत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासात, ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या व फळे वारंवार होती, त्यांची बाळे अधिक भरलेली आढळली. परंतु गर्भिणीच्या शरीरात केवळ अन्नच जाते असे नाही. घरातली हवाही जाते, आणि त्या हवेत घरच्या मंडळींनी झुरळ, ढेकूण, वाळवी यांच्यासाठी मारलेले औषध असू शकते. यंदाच्या अहवालातील आरोग्यविषयक लेखासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

या प्रश्नाचा अतिशय बारकाईने झालेला एक अभ्यास न्यू यॉर्क शहरातला आहे. तेथील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ पासून उत्तर मॅनहॅटन व दक्षिण ब्राँक्स या भागांतील कृष्णवर्णीय व डॉमिनिकन वंशाच्या गर्भवती स्त्रियांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया त्यातून वगळल्या होत्या. या वस्त्या गरिबांच्या. इमारती जुन्या, भिंतींना भेगा, नळ गळके आणि त्यामुळे झुरळांचा सुळसुळाट. मुंबईच्या जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वर्णन परके वाटू नये. गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत प्रत्येकीला पाठीवर अडकवावयाची एक पिशवी देण्यात आली. तिच्यात हवेचे नमुने ओढून घेणारे छोटे यंत्र होते. सलग ४८ तास ही पिशवी दिवसा पाठीवर आणि रात्री उशाशी ठेवावयाची. क्लोरपायरिफॉस, डायाझिनॉन आणि प्रोपोक्सर ही तिन्ही कीटकनाशके तपासलेल्या प्रत्येक स्त्रीच्या हवेत सापडली. एकही स्त्री त्यातून सुटली नव्हती.

प्रसूतीच्या वेळी आईचे आणि नाळेतले रक्त तपासण्यात आले. आईच्या रक्तात औषधाचे प्रमाण जितके अधिक, तितके ते नाळेतल्या रक्तातही अधिक होते. वार बाळाला सर्व विषांपासून वाचवते अशी जुनी समजूत आहे. पण चरबीत विरघळणारी ही द्रव्ये वारेतून सहज पार होतात. शिवाय त्यांचा निचरा करणारे पॅराऑक्सोनेज नावाचे द्रव्य मोठ्या माणसाच्या रक्तात पुरेसे असले, तरी नवजात बाळाच्या रक्तात फारच थोडे असते.

या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. नाळेतल्या रक्तात क्लोरपायरिफॉस व डायाझिनॉन यांचे एकत्रित प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या बाळांचे वजन, ते सर्वांत कमी असलेल्या बाळांपेक्षा सरासरीने सुमारे १८६ ग्रॅम कमी भरले. लांबीही कमी होती. १८६ ग्रॅम म्हणजे वाटीभर तांदूळ. साडेतीन किलोच्या बाळाला एवढी घट जाणवणारही नाही. परंतु पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्याही किंचित खालीच होते. अशा बाळाच्या वजनातून वाटीभर वजा झाले, की ते अडीच किलोची रेषा ओलांडून खाली येते.

या अभ्यासाचे खरे मोल मात्र पुढच्या घटनेत आहे. तो चालू असतानाच, २००० साली, अमेरिकी शासनाने ही दोन्ही औषधे घरगुती वापरातून टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे ठरविले. क्लोरपायरिफॉसची घरगुती वापरासाठी होणारी किरकोळ विक्री २००१ च्या अखेरीस थांबली. संशोधकांनी जानेवारी २००१ च्या आधी जन्मलेली बाळे आणि नंतर जन्मलेली बाळे वेगळी करून पाहिली. आधीच्या बाळांत औषधाचा व वजनाचा संबंध ठळक होता. नंतरच्या बाळांत औषधाचे प्रमाण पुष्कळ उतरले होते आणि तो संबंध दिसेनासा झाला. वस्त्या त्याच, गरिबी तीच, आहारही बहुतांशी तोच. बाटली तेवढी कपाटातून गेली होती.

एका अभ्यासावरून निकाल देऊ नये, हेही आम्ही जाणतो. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. तेथे वजनातील घट आढळली नाही, मात्र गर्भारपणाचा काळ किंचित आखूड झालेला दिसला. न्यू यॉर्कमधीलच दुसऱ्या एका अभ्यासात ज्या मातांमध्ये वर सांगितलेले पॅराऑक्सोनेज कमी होते, त्यांच्याच बाळांच्या डोक्याचा घेर थोडा लहान भरला. एकाच घरातल्या दोन सुनांवर एकाच औषधाचा परिणाम सारखा होईलच असे नाही, हा त्याचा आम्हाला उमगलेला अर्थ. ‘आमच्या वेळी आम्हाला काही झाले नाही’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरेही असेल. सुनेविषयी त्यावरून काही ठरत नाही.

क्लोरपायरिफॉस हे नाव आपल्याकडे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. शहरांत ते वाळवीच्या बंदोबस्तासाठी जोत्यात व भिंतींत सोडले जाते. आपल्याकडे ही कामे निघतात ती नेमकी दिवाळीच्या साफसफाईत किंवा घरात बाळ येणार म्हणून. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, लेक माहेरी येते आणि तिच्यासाठी म्हणून माहेरची खोली रंगवून, औषध मारून तयार ठेवलेली असते. यात माया आहे. केवळ वेळ चुकते.

मिशरीविषयी येथे लिहिलेच पाहिजे, कारण तिला कोणी रसायन म्हणत नाही. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास होऊन २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बिनधुराची तंबाखू, त्यातही मुख्यत्वे मिशरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी होते आणि दिवस पूर्ण होण्याआधीच प्रसूती होण्याचे प्रमाणही अधिक होते. तंबाखूतील निकोटीन एके काळी शेतात कीटकनाशक म्हणूनच फवारले जात असे, हे कळल्यावर या गोष्टीचे नवल वाटू नये. दात घासण्यापुरतीच लावते, असे सांगणाऱ्या भगिनींना आमच्या परिचारिका न रागावता हे समजावून देतात.

उलट, प्रत्येक संशय खरा ठरतोच असेही नाही. चुलीच्या धुराऐवजी गॅस दिल्यास बाळाचे वजन वाढेल, या अपेक्षेने भारतासह चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांचा मोठा प्रयोग झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. धूर आईच्या फुप्फुसांना वाईटच आहे, म्हणून गॅस हवाच. परंतु वजनाचे आश्वासन देऊन तो सुचवू नये, असे आमचे मत आहे.

मग झुरळांचे करावयाचे काय? कोलंबियाच्याच संशोधकांनी पन्नासेक गर्भवती स्त्रियांच्या घरांत हे करून पाहिले. निम्म्या घरांत भेगा बुजविल्या, स्वयंपाकघर घासून स्वच्छ केले, फवाऱ्याऐवजी कमी विषारी आमिष ठेवले. त्या घरांतली झुरळे कमी झाली आणि प्रसूतीच्या वेळी त्या मातांच्या रक्तात कीटकनाशक सापडले नाही. उरलेल्या घरांतील मातांच्या रक्तात ते सापडले. डासांच्या बाबतीत मात्र निष्काळजीपणा नको. गरोदरपणातील मलेरिया स्वतःच बाळाचे वजन घटवितो. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. वाळवीचे काम टळण्यासारखे नसेल, तर गर्भिणी दुसऱ्या घरी असताना ते उरकावे व दारे-खिडक्या उघड्या ठेवून घर चांगले वारवून घ्यावे. आणखी एक गोष्ट बाळंतविड्याची. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेली जुनी झबली-टोपडी बाळाला तशीच घालू नयेत. काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात उणीव असते. त्यांना त्या वासानेही तीव्र कावीळ होऊ शकते.

आमच्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या केसपेपरवर आहाराच्या प्रश्नांखाली दोन प्रश्न आहेत: घरात गेल्या काही आठवड्यांत कोणते औषध मारले, आणि मिशरी अथवा तंबाखू लावता काय. उत्तर नोंदविण्यास एक मिनिट लागते. विश्वस्त मंडळापुढे व देणगीदारांपुढे आमची मागणीही याच स्वरूपाची आहे. प्रसूतिकक्ष व नवजात शिशुकक्ष येथील खिडक्यांना डासांच्या जाळ्या, मोरीच्या तोंडांना घट्ट झाकणे आणि भिंतींच्या भेगांची डागडुजी एवढा खर्च आगामी वर्षाच्या अंदाजपत्रकात मंजूर व्हावा, म्हणजे या दोन कक्षांत फवारणीची गरजच पडणार नाही.