🛵 स्कूटरची रेस अडकते? सोडली की बंद पडते?

सभासद बंधू-भगिनींनो, दुधाचे कॅन लादण्याआधी मेन स्टँडवर तपासा:

१) गाडी बंद ठेवून रेस पिळा, सोडा. मूठ झटकन मागे यायला हवी. अडकली तर केबल दुरुस्त होईपर्यंत गाडी काढू नका.

२) गाडी चालू करून हँडल दोन्हीकडे वळवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणलीय. मुठीला साधारण २ ते ६ मिमी ढील हवी.

३) रेस सोडताच बंद पडते? आधी एअर फिल्टरची धूळ आणि प्लग बघा. मगच, इंजिन गरम असताना, कार्बोरेटरचा आयडल स्क्रू थोडा फिरवा. मागचं चाक जोरात फिरायला लागलं तर स्क्रू जास्त झाला.

४) बीएस-६ इंजेक्शन गाडीत स्क्रू शोधू नका, मेकॅनिककडे न्या.

⚠️ रस्त्यात रेस अडकली तर दोन्ही ब्रेक दाबा, चावी बंद करा. पण हँडल लॉकपर्यंत फिरवू नका.